पॅच पाठवा, पण आधी कारण लिहा



'ओपन सोर्समध्ये योगदान' हे शब्द आता आपल्या कॉलेजांत सर्रास ऐकू येतात. बायोडेटामध्ये ती ओळ असली की मुलाखतीत वजन पडतं, म्हणून तिसऱ्या वर्षाला पोहोचलेली बरीच मुलं त्यामागे लागतात. बहुतेकांना त्याची एकच वाट माहीत असते. गिटहबवर खातं काढायचं, प्रकल्पाची प्रत घ्यायची, बदल करायचा आणि पुल रिक्वेस्टचं हिरवं बटण दाबायचं. पण लिनक्स कर्नल, गिट, पोस्टग्रेस यांसारख्या मोठ्या प्रकल्पांची मुख्य वाट अशी नाही. तिथे आपण केलेला बदल ईमेलने पाठवावा लागतो. हे सांगितलं की वर्गात हसू पिकतं. "सर, ईमेल? अजून?" असा प्रश्न हमखास येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही पद्धत जुनी आहे, थोडी किचकट आहे, आणि तरीही आपल्या वर्गात शिकवण्यासारखी आहे. कारण ती आपल्याला 'काय बदललं' याच्याआधी 'का बदललं' हे लिहायला लावते. आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये कोड असतो, आउटपुट असतं, सही असते. 'का' मात्र कुठेच नसतं.

पॅच म्हणजे नेमकं काय?

पॅच म्हणजे ठिगळ. शर्टाला एका जागी भोक पडलं म्हणून आपण अख्खा शर्ट नवा शिवत नाही, तेवढ्याच जागी कापड लावतो. प्रोग्रामचंही तसंच. हजारो ओळींच्या फाइलमध्ये चार ओळी बदलल्या, तर त्या चार ओळींचाच तुकडा पाठवायचा.

१९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये युनिक्सवर 'डिफ' नावाचा प्रोग्राम तयार झाला. दोन फाइलींमधला फरक तो ओळीओळीने काढून देतो. आजच्या मांडणीत काढलेल्या ओळीच्या सुरुवातीला वजाचं चिन्ह असतं आणि नव्या ओळीच्या सुरुवातीला अधिकचं. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' हा प्रोग्राम लिहिला. (पुढे 'पर्ल' ही भाषा तयार करणारे तेच.) डिफने काढलेला फरक वाचून तो मूळ फाइलला लावायचा, हे त्याचं काम.

यात एक सुंदर युक्ती आहे. बदललेल्या ओळींसोबत त्यांच्या वरच्या आणि खालच्या साधारण तीन-तीन न बदललेल्या ओळीही पाठवल्या जातात. त्यामुळे मधल्या काळात मूळ फाइलमध्ये कुणी वर दहा ओळी घातल्या, तरी पॅचला आपली जागा सापडते. पाठवणारा एका देशात, लावणारा दुसऱ्या देशात, मध्ये चार दिवस गेलेले, तरी काम अडत नाही. पत्राने काम करायचं असेल तर हीच सोय लागते.

आधी ईमेल, मग गिट, मग गिटहब

आपल्याकडे अनेक मुलं गिट आणि गिटहब एकच समजतात. म्हणून हा क्रम नीट लक्षात ठेवा.

लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. त्यानंतर सुमारे दहा वर्षं लोक ईमेलने पॅच पाठवायचे आणि ते हाताने लावले जायचे. कामाचा ढीग वाढला की पॅच हरवायचे, लोकांना ते पुन्हा पुन्हा पाठवावे लागायचे. २००२ मध्ये बिटकीपर नावाचं साधन वापरात आलं. २००५ मध्ये त्याची मोफत सवलत काढून घेतली गेली आणि एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच गिट लिहायला घेतलं. गिटहब आलं २००८ मध्ये.

म्हणजे आपण रोज वापरतो ते गिट ईमेलच्या वातावरणात वाढलं. त्याच्या पोटात आजही त्या खुणा आहेत. 'गिट फॉर्मॅट-पॅच' ही आज्ञा आपल्या कमिटचं ईमेल तयार करते, 'गिट सेंड-ईमेल' ते पाठवते, आणि पलीकडचा माणूस 'गिट एएम' वापरून ते आपल्या प्रतीला लावतो. बहुतेक प्रॅक्टिकलच्या पुस्तकांत या तीन आज्ञा नसतात.

आता थोडं प्रमाण समजून घ्या. कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते आणि एका आवृत्तीत १०,००० हून अधिक बदल असतात. हे सगळे एक माणूस वाचू शकत नाही. म्हणून कर्नलच्या प्रत्येक भागाची जबाबदारी कुणाकडे तरी दिलेली असते, त्याला मेंटेनर म्हणतात. 'मेंटेनर्स' नावाच्या फाइलमध्ये ही यादी असते आणि आपला पॅच कुणाला पाठवायचा हे सांगणारी एक स्क्रिप्टही कर्नलसोबत मिळते. मेंटेनर पॅच वाचतो, पटला तर स्वीकारतो आणि वर पाठवतो. हा सगळा डोलारा विश्वासावर उभा आहे. आणि तो विश्वास मिळवायचं तुमच्याजवळचं साधन म्हणजे तुमचं लिहिणं.

पत्रलेखनाचा तास इथे उपयोगी पडतो

दहावीला आपण सगळ्यांनी पत्रलेखन केलं आहे. प्रति, विषय, महोदय, मजकूर, आपला विश्वासू. पाच गुणांसाठी पाठ केलेला हा आराखडा इथे पुन्हा भेटतो.

पहिली गोष्ट विषय. पॅचच्या विषयात आधी प्रकल्पाचा कोणता भाग, मग कोणता बदल, हे एका ओळीत बसवावं लागतं. कर्नलचे नियम सांगतात की ही ओळ ७० ते ७५ अक्षरांपेक्षा मोठी नको. 'बग फिक्स' असा विषय म्हणजे 'पत्र लिहिण्यास कारण की' इतकंच लिहून थांबण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट मजकूर. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये मेमरी मागितली आहे, पण ती मिळाली की नाही हे तपासलेलं नाही. तुम्ही दोन ओळी घालून ते तपासलंत. आता वर्णन काय लिहाल?

बहुतेकजण लिहितील: "मी कोडमधली चूक दुरुस्त केली आहे."

आता हे वाचा: "सेन्सर सुरू होताना मेमरी मागितली जाते, पण मागणी फसल्यास ते तपासलं जात नाही. मेमरी कमी असताना रिकामा पॉइंटर वापरला जाऊन कर्नल कोसळू शकतो. मागणीचा निकाल तपास आणि ती फसल्यास त्रुटी परत दे."

दोन्हींत कोड तोच आहे. पण पहिल्या वर्णनावरून मेंटेनरला काहीच कळत नाही, त्याला सगळं स्वतः शोधावं लागतं. दुसऱ्यात काय बिघडलं, त्याचा त्रास कधी होतो आणि उपाय काय, हे तीन वाक्यांत आलं. पाच वर्षांनी कुणी त्या दोन ओळी पाहून "ह्या इथे कशाला?" असं विचारलं, तर उत्तर तिथेच नोंदलेलं असेल.

मराठीच्या शिक्षकांना आवडेल अशी एक गंमत यात आहे. कर्नलचे नियम सांगतात की बदलाचं वर्णन आज्ञार्थात लिहा. 'मी तपासलं' असं नको, 'तपास' असं लिहा, जणू तुम्ही कोडलाच हुकूम देत आहात. व्याकरणातला आज्ञार्थ परीक्षेबाहेर कुठे लागतो, असं विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर द्या.

तिसरी गोष्ट सही. पॅचच्या शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' असं लिहून आपलं नाव आणि ईमेल द्यावं लागतं. ही नुसती शोभेची ओळ नाही. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप करत आयबीएमवर दावा लावला. त्यानंतर २००४ मध्ये ही सहीची पद्धत सुरू झाली. तिचा अर्थ असा: हा कोड मी लिहिला आहे, किंवा तो इथे देण्याचा मला हक्क आहे. मित्राचा कोड, कुठून तरी उचललेला कोड, चॅटबॉटने दिलेला आणि आपल्याला न समजलेला कोड, यांच्याखाली सही करताना हात थबकला पाहिजे. असाइनमेंट एकमेकांच्या बघून उतरवायची सवय इथे महागात पडते.

सर्वांसमोर तपासणी

ईमेलने पाठवलेला पॅच एकट्या मेंटेनरकडे जात नाही. तो त्या भागावर काम करणाऱ्या सगळ्यांना दिसतो आणि कायमचा जपला जातो. उत्तरंही तशीच सर्वांसमोर येतात. उत्तर देणारा तुमच्या पॅचमधली नेमकी ओळ उचलतो आणि तिच्याखाली आपली शंका लिहितो. तुम्हीही तसंच, प्रत्येक शंकेखाली उत्तर द्यायचं असतं. वर चार ओळी लिहून खाली अख्खं जुनं पत्र लोंबकळत ठेवायचं नसतं.

आपल्या मुलांना हे फार जड जातं, आणि त्याचं कारण कोडिंग नाही. आपल्याकडे वहीवर लाल शेरा आला की तो अपमान वाटतो. "पुन्हा करून आण" म्हटलं की वर्गातली मुलं हसतात. कर्नलच्या जगात पहिल्या फटक्यात पॅच स्वीकारला जाणं हीच नवलाची गोष्ट. दुसरी, तिसरी, पाचवी आवृत्ती पाठवणं हे तिथलं रोजचं काम आहे, अनुभवी माणसांनाही ते चुकत नाही. आवृत्तीचा क्रमांक विषयातच लिहितात. मागच्या वेळेपासून काय बदललं हे तीन आडव्या रेघांच्या खाली लिहितात. त्या रेघांखालचा मजकूर वाचणाऱ्यांसाठी असतो, कायमच्या इतिहासात तो जात नाही. म्हणजे कच्चं काम कुठे आणि पक्कं कुठे, याचीही सोय आहे.

शंका आली तर दोनच मार्ग असतात. पटली तर बदल करा, पटली नाही तर का पटली नाही ते सभ्य शब्दांत लिहा. गप्प बसणं हा तिसरा मार्ग तुमचं काम बुडवतो.

बटण सोपं झालं की काय होतं

"पण एवढा खटाटोप कशाला? बटण दाबून काम होतंय की!" हा प्रश्न रास्त आहे. बटणाने लाखो लोकांना ओपन सोर्सचं दार उघडलं, हे मान्य करायलाच हवं. पण त्याची दुसरी बाजूही पहा.

दर ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम होतो. २०२० मध्ये त्यात चार पुल रिक्वेस्ट दिल्या की टी-शर्ट मिळणार होता. झालं काय, तर असंख्य प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुणी माहितीच्या फाइलमध्ये एखादं विशेषण घातलं, कुणी नुसती जागा सोडली. फुकट वेळ देऊन प्रकल्प सांभाळणारी माणसं ते बंद करता करता मेटाकुटीला आली. शेवटी त्याच महिन्यात आयोजकांना नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला त्यांचेच बदल मोजले जाऊ लागले. या गर्दीत आपल्या देशातले विद्यार्थी बरेच होते. ते वाईट नव्हते. योगदान म्हणजे मोजायची वस्तू, एवढंच त्यांना शिकवलं गेलं होतं.

ईमेलच्या वाटेवर लबाडी अजिबात होत नाही, असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या काही संशोधकांनी, सदोष पॅच मेंटेनरच्या नजरेतून सुटतात का हे पाहण्यासाठी, मुद्दाम तसे पॅच पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये हे प्रकरण पेटलं. मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं काम थांबवलं आणि आधी स्वीकारलेले १९० पॅच मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. मग एकेक पॅच पुन्हा तपासावा लागला. त्यातले बरेचसे चांगल्या हेतूने केलेले आणि योग्य होते. संशोधकांनी माफी मागितली, शोधनिबंधही मागे घेतला. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते इथे दिसलं. एका गटामुळे त्याच विद्यापीठातल्या प्रामाणिक लोकांच्या कामावर संशय आला.

मित्रांनो, म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. तुम्ही पॅच पाठवता तेव्हा तुमच्या ईमेलच्या पत्त्यात कधी तुमच्या कॉलेजचं नाव असतं. तुमच्यानंतर त्याच कॉलेजातून एखादी मुलगी चांगलं काम पाठवणार असते. तिचं पत्र मेंटेनर कोणत्या नजरेने उघडेल, हे थोडंफार तुमच्या हातात आहे.

अडचणी खऱ्या आहेत

ईमेलच्या पद्धतीची नुसती आरती ओवाळून चालणार नाही. तिचे काटे नव्या माणसालाच जास्त टोचतात.

जीमेलच्या वेबपानातून पॅच चिकटवून पाठवला तर टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी मध्येच तुटतात आणि पॅच लागत नाही. रंगीत, सजवलेलं एचटीएमएल ईमेल कर्नलच्या याद्यांवर स्वीकारलंच जात नाही. साधा मजकूर हवा, पॅच त्या मजकुरातच हवा, जोडपत्र नको. पोस्टग्रेसमध्ये मात्र जोडपत्र चालतं, म्हणजे प्रत्येक घरची रीत वेगळी. 'गिट सेंड-ईमेल' चालवायला जीमेलचा वेगळा ॲप पासवर्ड लागतो. काही कॉलेजांच्या नेटवर्कवर ईमेल पाठवण्याचं दारच बंद असतं. ज्या मुलाकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, लॅबमधल्या मशीनवर काही टाकायची परवानगी नाही, त्याने काय करावं?

भाषेचा प्रश्नही आहेच. शिवाय कर्नलमधली उत्तरं पूर्वी फार बोचरी असायची. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. तेव्हापासून फरक पडला आहे, पण रोखठोक बोलणं तिथे आजही आहे.

या अडचणींवर काम चालू आहे. 'बी-फोर' नावाच्या साधनाने कर्नलचे पॅच पाठवणं बरंच सोपं झालं असून ईमेलचं दार बंद असलेल्यांसाठी वेबमार्गे पाठवायची सोयही त्यात आहे. गिट प्रकल्पासाठी 'गिटगिटगॅजेट' आहे. तुम्ही गिटहबवर पुल रिक्वेस्ट करता, ते तिचं रूपांतर ईमेलमध्ये करून पुढे पाठवतं. हे मला योग्य वाटतं. पाठवण्याचा त्रास कमी करा, कारण लिहिण्याची अट मात्र ठेवा.

सुरुवात कशी कराल?

१. तुम्ही स्वतः वापरता असा प्रकल्प निवडा. त्याचे योगदानाचे नियम पूर्ण वाचा. कंटाळा येईल, तरी वाचा.

२. छोटी पण खरी चूक शोधा. कर्नलमध्ये 'स्टेजिंग' नावाचा विभाग आहे, तिथे नवशिक्यांच्या साफसफाईच्या पॅचना जागा आहे. इतरत्र नुसत्या मोकळ्या जागा नीट करणारे पॅच मेंटेनरना नकोसे वाटतात.

३. बदल करा, प्रोग्राम बांधून पाहा, चालवून पाहा. कर्नलसाठी 'चेकपॅच' स्क्रिप्ट चालवा, ती मांडणीतल्या चुका दाखवते.

४. वर्णन आधी मराठीत लिहा. काय बिघडलं? कुणाला, कधी त्रास होतो? उपाय काय, आणि हाच का? विचार स्पष्ट झाला की छोट्या, सोप्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. अलंकारिक इंग्रजीची तिथे कुणालाच गरज नाही.

५. पॅच आधी स्वतःलाच ईमेल करा. आलेलं पत्र 'गिट एएम'ने लावून पाहा. लागला तर मगच पुढे पाठवा.

६. एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा. तीन गोष्टी असतील तर तीन पॅचची मालिका करा.

७. पाठवल्यावर धीर धरा. कर्नलचे नियम सांगतात की आठवण करण्याआधी किमान एक आठवडा थांबा. दोन-तीन आठवडेही लागू शकतात. रोज 'सर, प्लीज चेक' असं पाठवू नका.

शिक्षकांना एक विनंती

यासाठी वेगळा अभ्यासक्रम लागत नाही. एका प्रॅक्टिकलला मुलांच्या जोड्या करा. प्रत्येकाने दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये एक बदल करून तो ईमेलने, कारणासह पाठवावा. दुसऱ्याने किमान दोन शंका विचाराव्यात. पहिल्याने दुसरी आवृत्ती पाठवावी. गुण कोडला अर्धे आणि पत्राला अर्धे द्या. शक्य झालं तर मराठीच्या शिक्षकांना त्या तासाला बोलवा, कारणं तपासायला त्यांच्याइतकं चांगलं कोण?

चाळीस मुलांच्या वर्गातून पुढे दोघांचेच पॅच कर्नलमध्ये जातील, कदाचित एकाचाही जाणार नाही. त्याची काळजी करू नका. उरलेली मुलं नोकरीत, बँकेत, ग्रामपंचायतीत, स्वतःच्या दुकानात कुठेही गेली तरी त्यांना कुणाला तरी सांगावंच लागेल की हे असं बदलायला हवं, आणि ते या कारणासाठी. ते नीट लिहिता आलं, समोरच्याची शंका न रागावता ऐकता आली आणि दुसऱ्यांदा अधिक चांगलं लिहून देता आलं, तर त्या प्रॅक्टिकलचं चीज झालं असं मी म्हणेन.